कुणाच्या हातचं खाल्लं होतं?

मुरूम,
३ ऑक्टोबर २०२४

वैनी,

कस्तुराचा नमस्कार. माझं अक्षर ओळखलं तर पाकीट न फोडताच चुलीत घालाल, म्हणून पत्ता नातीकडून लिहून घेतलाय. आता फोडलंच आहे तर शेवटपर्यंत वाचा.

फोन केला असता. पण आमच्या घरात फोन वाजला की कुणीतरी स्पीकर लावतं, आणि तुमच्या मुलाला, कुलदीपलाही तीच खोड आहे असं ऐकते. हे बोलणं चारचौघांत करण्यासारखं नाही. अंगणवाडीत सत्तावीस वर्षं रजिस्टरं लिहिली, त्यामुळं लिहायची भीती नाही. तुम्हाला लिहायची मात्र आहे.

श्रावणात आमच्या गल्लीत मेडिकल कॉलेजच्या मुली सर्वे करायला आल्या. आमच्याकडं आली तिचं नाव युसरा. तेवीस वर्षांची असेल, पण कांद्याचा भाव विचारावा इतक्या सहज तिनं विचारलं, "मावशी, पोटात कळ येते का? जाऊन आल्यावर बरं वाटतं का? किती वेळा जावं लागतं?" मी आधी पदर तोंडाला लावला. मग तिनं विचारलं, "मागच्या वर्षभरात पोटामुळं कुठं कुठं जायचं टाळलं?" मी म्हणाले, "एका वर्षाचं सांगू का चौदा वर्षांचं?" तिनं पेन खाली ठेवलं आणि मी सांगत गेले. निकिताचं लग्न. दादाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. आईच्या दहाव्याला आले आणि तासाभरात परत फिरले, तेव्हा तुम्ही सगळ्यांनी माझ्याकडं कसं पाहिलं होतं तेही सांगितलं.

गंमत म्हणजे आमच्या गल्लीत सव्वीस घरं. त्यातल्या नऊ बायका आणि चार बाप्यांनी असंच काहीबाही लिहून दिलंय म्हणे. समोरची वर्षाराणी मला रोज भेटते, तिचीही तीच रड. दोघी एकमेकींपासून इसबगोलची पुडी लपवत होतो.

युसरानं चिठ्ठी दिली म्हणून सोलापूरला मोठ्या डॉक्टरांकडं गेले. रक्त, सोनोग्राफी, दुर्बीण, सगळं झालं. सगळं स्वच्छ निघालं आणि मी तिथंच रडायला लागले. मग ही चौदा वर्षं कशात गेली? डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली आणि समजावलं. आतड्याला जखम नाही, गाठ नाही, पण त्याचं काम करणं बिघडलंय. डोकं आणि आतडं यांच्यात जो निरोप जातो-येतो तो नीट जात नाही, म्हणून पोटातल्या साध्या वाऱ्याचीही कळ होते. तपासणीत दिसत नाही म्हणजे आजार नाही असं नव्हे. मी विचारलं, "कुणी काही खाऊ घातल्यानं होतं का हो हे?" ते म्हणाले, "न्हाई बाई. कुणी काई घातलेलं न्हाई."

हे तुम्हाला कळवायचं होतं. लोकांच्या बोलण्यानं जे झालं ते झालं. आता तुम्ही ते मनातून काढून टाका. आज घट बसले, देवीला माझाही नमस्कार सांगा.

कस्तुरा


येरमाळा,
१६ ऑक्टोबर २०२४

वन्सं,

पाकीट फोडलं. तुमच्या नातीचं अक्षर तुमच्यापेक्षा बरं आहे.

मनातून काढून टाका म्हणता. बरं, काढायला बसते, कुठून सुरुवात करू ते तुम्हीच सांगा. चौदा वर्षांपूर्वी येळ अमावस्येला रानात माझ्या हातचं जेवलात, त्या येळवसच्या आधी गावात कुणाकडं लग्न असलं की पुरण शिजवायला मला बोलावणं यायचं. माझ्या हाताखाली चार जणी लाटायच्या. त्या येळवसनंतर पहिल्याच लग्नात मी पदर खोचून चुलीकडं गेले तर यजमानीण म्हणाली, "प्रयागबाई, तुमी बसा निवांत, पोरी करतेत की." मी बसले. तेव्हापासून बसलेलीच आहे. हळदीकुंकवाला बायका यायच्या, कुंकू लावून घ्यायच्या आणि हातावर ठेवलेला तिळगूळ रुमालात बांधायच्या. वाटेत कुठं टाकत असतील ते त्यांनाच ठाऊक.

निकिताला बघायला सोनारीची माणसं आली होती. चांगली माणसं, मुलगा तलाठी. मी सहा कप चहा ठेवला. बोलणं झालं, हसणं झालं, आणि सहाच्या सहा कपांवर साय धरली. कुणी तोंड लावलं नाही. आठ दिवसांनी नकार आला. पुढं दोन वर्षं एकही स्थळ टिकेना. मग तिला पुण्याजवळ बिजवराला दिली. जावई वाईट नाहीत. पण पोरीनं लग्नात माझ्याकडं एकदा पाहिलं, ते तुमच्या त्या युसराच्या कागदावर कुठल्या रकान्यात लिहायचं?

मी तुम्हाला काही खाऊ घातलं, हे कुणी उठवलं ते मला ठाऊक आहे. तुमच्या सासूबाईंनी. तोंडानं लई गोड होत्या, पण त्यांच्याच ओळखीच्या जाणत्याकडं, त्या देवऋषीकडं तुम्हाला नेलं होतं आणि तिथूनच माझं नाव निघालं. त्या वारल्या त्याच्या आधीच्या वर्षी देवीला आल्या तेव्हा केळी घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या होत्या. उन्हाळ्याचं ऊन होतं. मी पाणीसुद्धा विचारलं नाही. त्या दिवशी माझ्या पोटाला जरा गार वाटलं.

तुमच्यावर माझा राग एवढाच की तुम्ही गप्प बसलात. त्या येळवसला रानातल्या विहिरीवर आपण दोघीच होतो. तुमचं लुगडं मी धुतलं, माझं तुम्हाला नेसवलं आणि लोकांना सांगितलं की वन्संच्या अंगावर आंबिल सांडली. आजपर्यंत ह्यांनाही कळू दिलं नाही. त्याची फेड मला नको होती. तुम्ही फक्त "वैनी तशी नाही" एवढे तीन शब्द बोलायला हवे होते.

अजूनही वेळ गेलेली नाही. येत्या येळवसला रानात या. गावातले चाळीस जण बोलावते. सगळ्यांसमोर माझ्या हातचं खा. पोटभर नको, एक घास पुरे.

प्रयाग


मुरूम,
५ नोव्हेंबर २०२४

वैनी,

पत्र ऐन दिवाळीत आलं, दोनदा वाचलं. परवा भाऊबीज झाली. दादाच्या फोटोला ओवाळलं, दरवर्षीसारखं. जिवंत भावाच्या फोटोला ओवाळते म्हणून आमचे हे हसतात.

सहा कपांचं मला कुणी सांगितलं नव्हतं. स्थळ मोडलं एवढंच कळलं होतं, कशानं ते विचारायचं धाडस झालं नाही.

येळवसला यायचं म्हणता. वैनी, माझं जगणं कसं आहे ते सांगते, म्हणजे मी नखरे करते असं वाटणार नाही. मुरूम ते येरमाळा वाटेत कुठल्या स्टँडवर संडास आहे, कुठल्या उघडा असतो आणि कुठल्या पाणी असतं हे मला कंडक्टरपेक्षा चांगलं ठाऊक आहे. नळदुर्गला बाई झाडत असली तर आत सोडत नाही. तुळजापूरला रांग असते. कुठं जायचं ठरलं की आदल्या दुपारपासून जेवण बंद. लग्नात मांडवाच्या टोकाला, बाहेर पडायच्या वाटेवर बसते, म्हणून लोक मला गर्विष्ठ म्हणतात. अंगणवाडीत चाळीस पोरांपुढं गाणं म्हणता म्हणता कळ आली की मदतनीसबाईच्या हाती टाळ्या सोपवून पळायचे. सुपरवायझरनं एकदा कामचुकार असा शेरा मारला. तो शेरा मी सही करून घेतला, पण खरं कारण सांगितलं नाही.

त्यातून येळवसचं जेवण म्हणजे हरभरा, तूर, वाल, शेंगा एकत्र शिजवलेली भज्जी आणि वर ताकातली आंबिल. डॉक्टरांनी जे जे नको म्हणून कागदावर लिहून दिलंय ते सगळं तुमच्या एका पत्रावळीवर असतं. आणि उघडं रान.

मी कधीतरी आडदिवशी चहाला आले तर चालेल का? दोघीच बसू.

सासूबाईंचं नाव मात्र घेत जाऊ नका. त्या आता नाहीत.

कस्तुरा


येरमाळा,
१९ नोव्हेंबर २०२४

वन्सं,

चहाला नको. बदनामी गावभर झाली आणि भरपाई आपण दोघी दार लावून करायची, हा कुठला न्याय?

पण तुमच्या संडासाच्या वाटा वाचून मला वाईट वाटलं. खोटं का बोलू, आधी हसू आलं आणि मग वाईट वाटलं. तुम्ही आम्हाला टाळता असंच आम्ही धरून चाललो होतो. हे म्हणायचे, "मुरूमला गेली आन मोठी झाली." मीही हो म्हणायची.

आता ऐका. कुलदीपनं रानात मजुरांसाठी शेडमागं संडास बांधलाय, पत्र्याचं दार आहे, आतून कडी आहे. जिथं पत्रावळी मांडू तिथून चाळीस पावलं. मी मोजून आले. भज्जीच्या पातेल्याशेजारी तुमच्यासाठी मुगाची खिचडी करते. लांबून कुणाला फरक कळतोय? नाव भज्जीचं, घास खिचडीचा. आंबिलीला नुसतं ओठ लावा. तुमच्या डॉक्टरांनाही विचारून घ्या हवं तर, म्हणजे मला आणखी एक आळ नको.

निकिता येतेय, जावयांना घेऊन. गावातल्या कडूबाईपासून सगळ्यांना तोंडी आवतण दिलंय. काय कारण म्हणून विचारतात तर मी म्हणते, "वन्सं येणारेत." लई वर्षांनी हे वाक्य माझ्या तोंडात आलं.

आणि एक विचारायचं होतं. माझ्या ओळखीची एक बाई आहे. तिला दोन घास खाल्ले की पोट तुडुंब भरतं. छातीखाली आग होते, दिवसभर ढेकर. बार्शीला नेऊन दुर्बीण घातली तर काही नाही निघालं. घरचे म्हणतात मनाचे खेळ. बाई वाळून चाललीय. तिला तुमचे डॉक्टर काय म्हणतील?

प्रयाग


मुरूम,
६ डिसेंबर २०२४

वैनी,

येते. सोमवारी ३० तारखेला सकाळच्या पहिल्या एसटीनं निघते, तुळजापूरला गाडी बदलून बारापर्यंत पोचते. हे सोबत येतो म्हणाले, पण सोबत माणूस असलं की मला जास्त भीती वाटते. एकटीच येते.

चाळीस पावलांचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

त्या ओळखीच्या बाईला सांगा, हा आजार आतड्यात होतो तसा जठरातही होतो, डॉक्टरांनीच सांगितलंय. मनाचे खेळ नव्हेत आणि पापाची शिक्षाही नव्हे. थोडं थोडं, पाच वेळा खावं. वजन घटतंय म्हणता, तर डॉक्टरांना पुन्हा दाखवावंच. आणि जमलं तर कुणाजवळ तरी बोलावं. मी तिचं नाव विचारत नाही.

कस्तुरा


येरमाळा,
३१ डिसेंबर २०२४

वन्सं,

काल रानात कडब्याच्या कोपीतली पूजा झाली. बारा वाजले. कुलदीप स्टँडवर गाडी घेऊन उभा होता. तुळजापूरकडून आलेल्या चार एसट्या त्यानं पाहिल्या. तुमचा फोन बंद.

एक वाजता पोरं भुकेनं रडायला लागली. मी म्हणाले, "थांबा, आल्याच बगा वन्सं." दीड वाजता हे म्हणाले, "वाढून टाक आता." मी पहिली पत्रावळ हातात घेतली आणि सगळ्यांनी खाली पाहिलं. कुणी नको म्हणालं नाही. कुणी हो पण म्हणालं नाही. मग निकिता उठली, माझ्या हातातली पत्रावळ घेतली आणि म्हणाली, "आई, तू बस. मी वाढते."

पोरीच्या हातचं सगळ्यांनी खाल्लं. मी शेडमागं जाऊन बसले. जाताना एका बाईचं बोलणं कानावर आलं, "नणंदच यीना खायला, आपलं काय घिऊन बसलाव."

ती ओळखीची बाई मीच. कालपासून पाणीही उतरत नाही. तुमच्या पोटाचं मला कळतं, वन्सं, कळत नाही असं नाही. पण मी चाळीस पावलं मोजली होती.

प्रयाग


मुरूम,
६ जानेवारी २०२५

वैनी,

हे पत्र लिहायला मला सात दिवस लागले. खरं सांगायचं तर चौदा वर्षं लागली.

त्या दिवशी मी निघाले होते. नळदुर्गपर्यंत काही झालं नाही. तुळजापूरला उतरले आणि कळ आली. तीनदा रांगेत उभी राहिले. दोन गाड्या गेल्या. हे सगळं खरं आहे. पण अकराच्या सुमाराला पोट शांत झालं, तेही खरं आहे. समोर येरमाळ्याची गाडी लागली, कंडक्टरनं हाक मारली, आणि मी बाकड्यावरून उठले नाही. फोन मीच बंद केला. चार वाजेपर्यंत तिथंच बसून राहिले आणि उलट्या गाडीनं घरी आले. घरी सांगितलं, पोट बिघडलं. चौदा वर्षांत या पोटानं माझे हाल केले, पण कितीतरी वेळा त्यानं मला लपवलंही आहे.

तुमचं नाव सासूबाईंनी घेतलं नव्हतं. मी घेतलं.

त्या येळवसच्या आधी आठ महिने माझं पोट बिघडलेलं होतं. इथं मुरूमला, माझ्याच घरात, माझ्याच हातचं खाऊन. मी कुणाला सांगितलं नव्हतं. रानातून परत आल्यावर महिनाभरात वजन उतरलं तेव्हा घरच्यांच्या लक्षात आलं आणि जाणत्याकडं नेलं. तिथं हे बसलेले, सासरे बसलेले, शेजारच्या दोघी-तिघी बसलेल्या. त्यानं विचारलं, "पयल्यांदा दुखलं तवा कुणाच्या हातचं खाल्लं हुतं?"

आठ महिन्यांचं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, त्या सगळ्या बाप्यांसमोर. मी म्हणाले, "वैनीच्या."

तुमचंच नाव का आलं, याचा मी फार विचार केला. तोंडाला येईल ते बोलले असं स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. पण तसं नव्हतं. विहिरीवर तुम्ही मला ज्या अवस्थेत पाहिलंत तशी मला माझ्या आईनंही मोठेपणी पाहिलेली नव्हती. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, नाकाला पदर लावला नाहीत. दुसऱ्या दिवशी तुमच्यासमोर चहा प्यायला बसले तेव्हा मला जमीन फाटावी असं वाटलं. तुमच्याशी वैर झालं तर तुमच्यासमोर कधी उभं राहावं लागणार नव्हतं. एवढंच होतं, वैनी. तुम्ही माझं लुगडं धुतलंत म्हणून मी तुमचं नाव घेतलं.

परतताना वाटेत सासूबाई माझ्यावर चिडल्या होत्या. म्हणाल्या, "नगं बाई असं कुणाचं नाव घिऊ. पाप लागंल." मी तरीही त्या आठवड्यात दोघींना सांगितलं. पुढचं मला सांगावं लागलं नाही.

रानात येऊन मी तुमच्या हातचं खाल्लं असतं तर लोक म्हणाले असते, बघा कस्तुरा किती मोठ्या मनाची. ते मला ऐकवलं नसतं.

हे पत्र तुम्ही कुणालाही दाखवा. देवळात वाचा, दादाला वाचून दाखवा. म्हणाल तेव्हा गाडी करून येते आणि गावात उभी राहून माझ्या तोंडानं सांगते. माफ करा असं लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते. मला माफ करा.

कस्तुरा


येरमाळा,
२४ जानेवारी २०२५

वन्सं,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी ते कोठीत उभ्यानं वाचलं आणि पिठाच्या डब्यामागं ठेवून दिलं. चार दिवस कामापुरती उठले, बाकी पडून होते. ह्यांना वाटलं पोटाचंच असेल.

तुमचा राग नंतर आला. आधी तुमच्या सासूबाई डोळ्यांसमोर आल्या. त्या दिवशी दारात उभं राहून त्या म्हणाल्या होत्या, "पोरी, म्या न्हाय गं काय बोलले." ते मी तुम्हाला लिहिलं नव्हतं. मी त्यांना म्हणाले होते, "देवीच्या गावात हाव, खोटं बोलताना तिची तरी लाज धरा." म्हातारीनं केळी ओट्यावर ठेवली आणि उन्हात निघून गेली. केळी मी म्हशीला घातली. वन्सं, त्यांनी तुमचं नाव सांगितलं असतं तर त्या त्याच क्षणी सुटल्या असत्या. नाही सांगितलं. आता त्यांच्याकडं जाऊन मी काय बोलू, आणि कुठं जाऊ?

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. सगळ्या बसल्यावर तुमचं पत्र वाचलं. विहिरीवरचं तेवढं गाळलं. ते आपल्या दोघींतच राहू दे.

वाचून झाल्यावर मी कागदाची घडी करून कमरेला खोचली. मग कडूबाई म्हणाली, "आमी खायाचं सोडलं न्हवतं गं, तूच वाढायचं सोडलीस." हे खोटं आहे. त्यांनीही सोडलं होतं आणि त्यांना ते आठवत नाही. मी भांडले नाही. तिळाच्या पोळ्या केल्या होत्या, त्या पुढं केल्या. कडूबाईनं तिथंच तोडून तोंडात घातली. मग सगळ्यांनी खाल्ल्या. दोघींनी मागून घेतल्या. पुढच्या महिन्यात तिच्या नातीचं लग्न आहे, पुरणाला मला बोलावलंय.

मला वाटलं होतं असं झालं की मी हलकी होईन. तसं काही झालं नाही. निकिताला फोनवर सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "बरं आई. मग आता?" नाव परत आलं, पण पोरीची ती वर्षं कुणी परत आणून देणार नाही. तुम्हीही नाही, मीही नाही.

धाराशिवला जाऊन डॉक्टरांना दाखवलं. पुन्हा तपासण्या केल्या, त्याही स्वच्छ आहेत. औषध सुरू केलंय. बाहेर रांगेत पाच-सहा बायका होत्या. मी शेजारणीला विचारलं, "तुमाला काय हुतंय?" तर म्हणाली, "मला न्हाय, जावंसाठी विचारायला आलेय." मी म्हणाले, "मी पण आधी असंच म्हणायची." ती हसली आणि मग तासभर बोलत बसली. तुमच्या त्या युसराला सांगा, कागद घेऊन आमच्याकडंही ये म्हणावं.

गाडी करून येते म्हणालात. एवढ्यात येऊ नका. तुमचं लुगडं धुतलं याचा मला पस्तावा नाही, आजही धुवीन. आजारी माणसाला काय वाटतं ते मला आता ठाऊक आहे. तरीही येऊ नका. काल दुपारी मनातल्या मनात तुम्हाला पाटावर बसवून पाहिलं. ताट मांडलं, तांब्या ठेवला. आता सगळ्या गावाला वाढते मी, पण तुमच्या ताटात वाढायला हात उठला नाही. उठला की कळवीन.

प्रयाग